पट्टी माझी, गोळी जिजीची

म्हसावदला उमाकांत आणि हेमकांत पाटील या दोन भावांची घरं एकाच भिंतीला दोन बाजूंनी टेकलेली आहेत. वाटणी झाली त्या वर्षी गवंड्याने मध्ये ती भिंत घातली आणि धाकट्या हेमकांतच्या बायकोने, म्हणजे रमिलाबाईंनी, त्याच गवंड्याला दोनदा चहा पाजून स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ भिंतीत एक चौकोनी झरोका ठेवून घेतला. ताट सरळ आत जाईल एवढा. पुरुषमाणसांना वाटलं धूर जायला असेल. स्वयंपाकघरातल्या ज्या गोष्टीचा उपयोग कळत नाही ती धूर जायला असते, अशी पुरुषमाणसांची समजूत असते.

त्या झरोक्यातून धूर कधीच गेला नाही. गेलं ते वांग्याचं भरीत, पहिल्या दिवसांचा खरवस, शेवभाजी, कापलेल्या पपईची बरोबर अर्धी फोड आणि लोणच्याची बरणी. शेतं वाटली गेली, बैल वाटले गेले, पण रमिलाबाईंची वाटणी काही संपेना. घरात जे येईल त्याचं निम्मं थोरल्या जावेला, गजराबाईंना, गेलंच पाहिजे. पेपर आला की आतलं पान तिकडे. खोकल्याच्या औषधाची बाटली आणली की अर्धी दुसऱ्या बाटलीत ओतून तिकडे, मग तिकडे खोकला असो वा नसो. हेमकांत साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसतो. उसाच्या गाड्या मोजण्यात त्याचा जन्म गेला. तो म्हणायचा, "मन्हा काटा चुकी, हिना हात चुकत नही."

रमिलाबाईंना हे ऐकायला आवडायचं. आपण लबाडी करत नाही, दोन घासांतला मोठा घास आपण कधी घेतला नाही, हा त्यांच्या आयुष्याचा साधा हिशेब होता. त्या गजराबाईंना 'जिजी' म्हणत. लग्न होऊन आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या, आणि पहिल्या दिवशी भाकरी करपली तेव्हा जिजीने ती सासऱ्यांच्या ताटात न वाढता स्वतःच्या ताटात घेतली होती. काही लोक अशा गोष्टीची परतफेड एकदा करतात. रमिलाबाई तीस वर्षं करत होत्या.

एकोणपन्नासाव्या वर्षी रमिलाबाईंची पाळी थांबली. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि तो टाकेपर्यंत गरमी सुरू झाली.

ही गरमी म्हसावदच्या उन्हाळ्याची नव्हे. त्या उन्हाळ्याला माणसं तोंडओळखीने ओळखतात. ही आतून यायची. डिसेंबरात सगळं गाव शेकोटीभोवती गोळा व्हायचं आणि रमिलाबाई ओसरीत बसून लग्नपत्रिकेने वारा घ्यायच्या. छातीपासून निघालेली आग गळ्यावरून टाळूवर जायची, ब्लाउज पाठीला चिकटायचा, आणि पाच मिनिटांनी तीच बाई थंडीने कुडकुडायची. तव्यावर भाकरी टाकून त्या फ्रीजचं दार उघडून उभ्या राहायच्या. एकदा हेमकांतने पाहिलं.

"काय शोधी ऱ्हायनी?"

"थंडी," रमिलाबाई म्हणाल्या. "आठे ठेयेल व्हती."

गजराबाईंचं दुखणं वेगळं होतं. त्यांची पिशवी चाळिशीच्या आतच काढली होती. कुणी सांगितलं म्हणून, सगळ्याच बायका काढतात म्हणून. त्यांना ऑपरेशनचे टाके किती ते आठवत होतं, कारण मात्र कुणी नीट सांगितलं नव्हतं. तेव्हापासून त्यांची झोप गेली. गजराबाई ते हसून सांगायच्या. "डोळा मिटतस वं, पन मन्हं मन गावभर फिरी येस. कोना घरना दिवा चालू शे, माले सकाळी इचार."

रमिलाबाईंची मुलगी ममता सुरतला उधन्यात राहते. दिवाळीला आली तेव्हा आईला फ्रीजसमोर उभी पाहून तिने एकच प्रश्न विचारला आणि आठ दिवसांत आईला सुरतेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाई गुजराती, मराठी बोलायच्या ते गुजराती वळणाने. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली ती थांबेनाच. पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का? घरात कुणाला स्तनाचा कर्करोग? कावीळ? डोकं एका बाजूने दुखतं का? पाळी थांबून किती झालं? मग रक्तदाब, मग छातीची तपासणी, मग सोनोग्राफी. रमिलाबाईंना वाटलं, मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा इतकं विचारत नाहीत. शेवटी डॉक्टरीणबाईंनी एक छोटी पारदर्शक पट्टी हातात दिली. पोराच्या वहीवर चिकटवायच्या चित्राएवढी.

"जुओ बेन, यात हार्मोन आहे. कातडीतून हळूहळू आत जातं. बेंबीच्या खाली, पोटावर किंवा कुल्ल्यावर लावायची. छातीवर अजिबात नाही. परकराचा नाडा जिथे घासतो तिथे नाही. आंघोळीनंतर, अंग कोरडं पुसून, तेल नाही, पावडर नाही. सोमवारी एक, गुरुवारी दुसरी. दर वेळी जागा बदलायची. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, नाहीतर औषध एकदम जास्त आत जातं. काढलेली पट्टी आतल्या बाजूने दुमडून, चिकटवून मग टाकायची. मुलांच्या हाताला लागता कामा नये."

रमिलाबाईंनी एकेक शब्द मनात लावून ठेवला. पट्टी नवीन होती. आयुष्यात औषध गिळलं होतं, चाटलं होतं, टोचून घेतलं होतं, चिकटवलं कधीच नव्हतं.

"आणि ही कॅप्सूल," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, "रोज झोपताना. झोप छान लागेल. बंद करायची नाही, कारण पट्टी एकटी..."

इथे रमिलाबाईंचा फोन वाजला. हेमकांत होता. चहापत्तीचा डबा सापडत नव्हता. रमिलाबाईंनी पदर तोंडावर धरून डब्याची जागा सांगितली. डावीकडे, तिखटाच्या मागे, नाही, त्याच्या वरती. इकडे डॉक्टरीणबाईंचं वाक्य पुरं झालं. ममताने ते ऐकलं, मान हलवली, आणि मम्मीनेही ऐकलं असं धरून चालली. बाकी सगळं कागदावर लिहिलेलं होतं, इंग्रजीत.

पट्ट्या तालुक्याला, शहाद्याला मिळेनात. ममता दर महिन्याला सुरतेहून डबा पाठवायची. पट्ट्या आणि कॅप्सूल, दोन्ही.

पंधरा दिवसांत रमिलाबाई पुन्हा माणसात आल्या. फ्रीजचं दार बंद राहू लागलं. त्या सोमवार-गुरुवारच्या इतक्या पक्क्या झाल्या, की गावात कुणाला वार आठवला नाही तर त्यांना विचारावं. पोटावर सोमवारी उजवीकडे, गुरुवारी डावीकडे, मग कुल्ल्यावर. एकाच जागी सारखी लावली तर कातडी लाल होते हे त्यांना कळलं. पहिल्या आठवड्यात नाड्याने एक पट्टी सोलून काढली, तेव्हापासून त्यांनी परकर दोन बोटं वर बांधायला घेतला. एकदा मात्र काढलेली पट्टी दुमडायची राहिली आणि न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवली गेली. हेमकांतने त्यावर शर्ट टाकला, घातला, आणि ऐन हंगामात कारखान्यावर गेला. उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत कुणीतरी त्याच्या पाठीवर बोट ठेवलं.

"हेमकांतभाऊ, पंक्चर काढं का?"

घरी येऊन त्याने ती पट्टी नाकापुढे धरून विचारलं, "हाई कोनी शे?" रमिलाबाई आधी पोट धरून हसल्या, मग गंभीर झाल्या. उरलेलं औषध त्याच्या अंगाला गेलं असतं तर? त्या दिवसापासून पट्टी काढली की दुमडून, कागदात गुंडाळून, थेट झाकणाच्या डब्यात. नियम म्हणजे नियम.

इतकी नियमाची बाई. आणि नेमका दुसऱ्याच नियमात घोटाळा केला.

झालं असं, की गरमी गेल्यावर रमिलाबाईंना झोप आपोआप येऊ लागली. कॅप्सूल घेतली काय, न घेतली काय, डोकं टेकलं की झोप. आणि भिंतीपलीकडे जिजी जागी. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, कॅप्सूल झोपेची. आपल्याला ज्याची गरज नाही ते डब्यात ठेवायचं आणि पलीकडे माणूस तळमळतंय, ही वाटणी रमिलाबाईंच्या मनाला कशी पटावी? एका सकाळी त्यांनी कॅप्सूलचं पाकीट झरोक्यात ठेवलं.

"जिजी, हाई झोपनी गोळी. सुरतनी डॉक्टरीनबाईनी देयेल शे."

"अन तुले?"

"माले पट्टी पुरस. पट्टी मन्ही, गोळी तुन्ही."

गजराबाईंनी ते पाकीट उलटसुलट केलं. "डॉक्टरीनले इचारं का?"

"तिले कसाले इचारानं? दोन्ही औषधं एकाच डबामधून येतस."

दुसऱ्या दिवशी दूधवाला येऊन गेला तरी गजराबाई उठल्या नव्हत्या. उमाकांतभाऊंनी घाबरून हलवलं. गजराबाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "एवढ्या लवकर कसाले उठाडं?" घड्याळात साडेसात वाजले होते.

तेव्हापासून दर महिन्याला डबा यायचा, रमिलाबाई तो उघडायच्या, पट्ट्या इकडे, कॅप्सूल तिकडे. जिजीच्या डोळ्यांखालचं काळं गेलं. जिजी दुपारी गाणं म्हणायला लागली. एका डब्यात दोन बाया बऱ्या, असं औषध कुणी पाहिलं होतं? तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, पण तेव्हा हरभऱ्याची काढणी होती. मग लग्नसराई आली. मग जायचं कशाला, सगळं तर छान आहे.

सगळं छान असलेल्या त्या दहाव्या महिन्यात श्रावण लागला.

श्रावणातल्या रविवारी पाटलांकडे कानबाई बसते. भाऊबंदकी गोळा होते, देवीच्या नैवेद्यासाठी गहू आणि हरभऱ्याची डाळ मापून दळतात, त्याला रोट म्हणतात. रोटाला सोवळं फार. दळायला, पीठ चाळायला बसलेल्या बाईला मध्येच अडचण आली तर सगळा खोळंबा होतो. म्हणून पाळी थांबलेल्या बाईचा मान मोठा. पाळी थांबल्यापासून रोटाचं सगळं रमिलाबाईंच्या हाती आलं होतं. त्यांना त्याचा लपवता न येणारा अभिमान होता. आयुष्यभर दर महिन्याला जी गोष्ट बाजूला बसवायची, तीच आता मध्यभागी बसवत होती.

शनिवारी सकाळी त्या चाळणी घेऊन बसल्या आणि थोड्या वेळाने उठून न्हाणीत गेल्या. परत आल्या तेव्हा पिठाला हात लावला नाही. मागच्या ओसरीत पोत्यावर जाऊन बसल्या.

"रमिला, पीठ चाळं का वं?" झरोक्यातून गजराबाईंची हाक.

उत्तर नाही.

"रमिला!"

मग गजराबाई रस्त्याने वळसा घालून दारातून आल्या. झरोका असताना त्या दारातून क्वचितच यायच्या, त्यामुळे स्वयंपाकघरात उभ्या राहिल्यावर क्षणभर त्यांनाच उलटं वाटलं.

"आठे कसाले बठनी?"

"जिजी, माले अडचन उनी."

गजराबाई आधी हसल्या. कमरेवर हात ठेवून, मनापासून. "काय सांगस! आते पाळना बांधना पडी! हेमकांतले सांग, काटा सोड अन टोपडं शिव." मग त्यांनी रमिलाबाईंचा चेहरा पाहिला. हसू मध्येच थांबलं. त्या शेजारी टेकल्या.

"मन्ही मावशीले बी आसंच व्हयनं व्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "बंद व्हयेल, अन परत सुरू." आणि पोत्याचा सुटलेला दोरा ओढत बसल्या. मावशी वर्षभरात गेली होती. ते रमिलाबाईंना माहीत होतं, कारण त्या तेराव्याच्या जेवणाचं निम्मं पिठलंसुद्धा झरोक्यातूनच आलं होतं.

ममताला फोन लावला. तिने एकच वाक्य ऐकलं आणि आवाज बदलला. "मम्मी, उद्या रविवार, दवाखाना बंद. परवा सकाळी इथे पाहिजे."

"परवा कानबाईनं विसर्जन शे. ते आटपलं का..."

"मम्मी, कानबाई पुढच्या वर्षी पण येईल."

त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग ममता बोलली नाही. तो रमिलाबाईंनी मनातच पुरा केला. तुझं काय?

सोमवारी पहाटे नंदुरबारला रेल्वे पकडताना रमिलाबाईंनी पाहिलं तर गजराबाई हातात पिशवी घेऊन बसमधून उतरत होत्या. कानबाईचं विसर्जन टाकून थोरली सून निघाली होती; उमाकांतभाऊंना एवढंच सांगून, की देवीचा नारळ नदीवर तुम्ही पोहोचवा. नवापूर गेलं, उकाई गेलं, दोघी खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. बोलल्या त्या फक्त एकदा. गजराबाई म्हणाल्या, "पानी पी." रमिलाबाई प्यायल्या.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, कागद पाहिला आणि विचारलं, "पट्टी बरोबर लावता ना?"

रमिलाबाईंनी सोमवार-गुरुवार, उजवी-डावी, नाडा, दुमडणं, सगळं घडाघडा सांगितलं. पाठ केलेल्या कवितेसारखं. डॉक्टरीणबाई खूष झाल्या.

"आणि कॅप्सूल रोज?"

रमिलाबाईंनी जावेकडे पाहिलं.

"ती मी लेस, बाई," गजराबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही? केव्हापासून?"

"दहा महिना व्हयनात."

"आणि ह्यांनी?"

"एकबी नही."

मग डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य पुन्हा सांगितलं, जे चहापत्तीच्या डब्यात हरवलं होतं. पट्टीतलं हार्मोन गरमी कमी करतं, पण पिशवीच्या आतलं अस्तरही वाढवतं. ते वाढू नये म्हणून कॅप्सूल. झोप येते ती फुकटची. ज्या बाईला पिशवी आहे तिने पट्टी एकटी लावायचीच नाही. कॅप्सूल झोपेसाठी नव्हती, राखणीसाठी होती.

रमिलाबाईंना ते उसाच्या भाषेत कळलं. दहा महिने शेताला पाणी सोडलं होतं आणि तोड बंद. आत काय माजलं असेल?

डॉक्टरीणबाई गजराबाईंकडे वळल्या. "आणि तुम्हाला झोप येत नाही, म्हणून घेतली. तुमची पाळी केव्हा थांबली?"

"मन्ही पिशवीच नही, बाई. काढी टाकेल शे. अठरा वरीस व्हयनात."

डॉक्टरीणबाईंच्या तोंडून हसू फुटलं, ते त्यांनी लगेच गिळलं. "पिशवी आहे तिने पट्टी घेतली. पिशवी नाही तिने पिशवीची गोळी घेतली. बेन, इतकी बरोब्बर उलटी वाटणी मी वीस वर्षांत पाहिली नाही."

"मंग आम्ही उलटं करं असतं तं चाललं असतं?" रमिलाबाईंनी विचारलं. न राहवून. वाटणीतली चूक दुरुस्त करायची सवय.

"नाही. तरी मी तितकीच रागावले असते." डॉक्टरीणबाईंनी गजराबाईंच्या पायाकडे पाहिलं. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड होती. "हा पाय कधीपासून?"

"ऑपरेशन करं तवापासून. तधळ सुजना व्हता, पंधरा दिवस दवाखानामां ठेवं व्हतं."

"पायात गाठ झाली होती?"

"असं काय म्हनेत ते लोके."

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "गाठ झालेल्या बाईला पट्टी अशी सरळ देत नाहीत. म्हणून विचारते मी इतके प्रश्न. एकीचं उत्तर दुसरीला लागू होत नाही." मग आवाज मऊ करून त्यांनी रमिलाबाईंना सांगितलं, की अस्तर जाड झालंय, त्यातला तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. बहुतेक वेळा ते साधंच निघतं. बहुतेक वेळा. आठ दिवस. तोवर पट्टी बंद.

ते आठ दिवस म्हसावदला फार लांब निघाले.

गरमी तिसऱ्या दिवशी परत आली, आपलंच घर असल्यासारखी. रमिलाबाईंना तिचं काही वाटलं नाही. त्यांना वाटत होतं ते निराळंच. पहिल्याच दिवशी त्यांनी भरताचं निम्मं झरोक्यात ठेवलं तर पलीकडून पोळपाट उभा करून झरोका बंद केलेला होता. ताट पोळपाटाला टेकून तसंच राहिलं. संध्याकाळपर्यंत भरीत वाळलं.

"जिजी, पोळपाट काढ ना."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"जिजी, मी दिधं ना तुले. तू काय मांगं व्हतं का?"

मग पोळपाटामागून आवाज आला. "तुन्हं औषध मी खाई टाकं, रमिला. दहा महिना. अन झोपनू बी मस्त." त्या 'मस्त'वर आवाज फाटला. "माले आते तुन्हं काहीच नको."

रमिलाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मरणाची भीती त्यांना वाटत होती, खोटं कशाला. ममताची मुलं अजून व्हायची होती. हेमकांतला अजून डबे सापडत नव्हते; हल्ली तो फोन न करता शोधायचा आणि सापडेपर्यंत सगळं खाली काढून ठेवायचा, एवढीच सुधारणा. पण त्या भीतीच्या खाली एक दुसरा विचार होता, आणि तो जास्त टोचत होता. तीस वर्षं आपण जिजीला देत आलो. भरीत दिलं, पपई दिली, खोकला नसताना खोकल्याचं औषध दिलं. ती झोपत नाही हे अठरा वर्षं हसून ऐकलं. पायाला काय झालंय, हे कधी विचारलं नाही. पिशवी का काढली, हेही नाही. देणं सोपं होतं. झरोक्यात ठेवलं की काम झालं. विचारायचं म्हणजे दारातून वळसा घालून जावं लागलं असतं, आणि बसून ऐकावं लागलं असतं.

हात चुकत नाही म्हणे. हेमकांतला सांगावं, काट्यावर काय ठेवायचं तेच चुकलं.

त्या रस्त्याने वळसा घालून गेल्या. गजराबाईंच्या दारात उभ्या राहिल्या, हातात काहीच नव्हतं. रिकाम्या हाताने जिजीच्या घरी जायची सवय नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते पदरात गुंडाळले.

"काय आनं?" गजराबाईंनी न बघता विचारलं.

"काहीच नही. पाय दाखाड."

गजराबाईंनी पाय आधी पोटाशी ओढला, मग सोडला. रमिलाबाई खाली बसल्या. पोटरीवर बोट दाबलं तर खळगा पडत होता आणि हळूच भरत होता. किती वर्षं तो असा पडत आणि भरत होता, कुणाला ठाऊक. दोघी त्या खळग्याकडे पाहत बसल्या. रमिलाबाईंना गरमी चढली, घाम मानेवरून उतरला, आणि गजराबाईंनी शेजारचं सूप उचलून त्यांना वारा घालायला सुरुवात केली.

आठव्या दिवशी सुरतेला दोघी निघाल्या. फाईल गजराबाईंनी धरली होती, दोन्ही हातांनी, दही भरलेल्या भांड्यासारखी. स्टेशनवर ममता भेटली. तिने रिपोर्ट मोबाईलवर आधीच मागवला होता, पण उघडला नव्हता. "मला कळत नाही त्यातलं," ती म्हणाली. तिला कळत होतं.

डॉक्टरीणबाईंना वाचायला लागलेला वेळ तीन ओळींना पुरेल एवढाच होता. रमिलाबाईंनी तेवढ्यात ठरवून टाकलं, की काही वाईट असलं तर कानबाईच्या रोटाचं माप कुणाला शिकवायचं.

"कर्करोग नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अस्तर वाढलंय, पण पेशी साध्या आहेत. वेळेवर आलात. अजून वर्षभर असंच चाललं असतं तर मी हे वाक्य बोलले नसते."

गजराबाईंनी फाईल टेबलावर ठेवली आणि रडायला लागल्या. रमिलाबाई रडल्या नाहीत, त्यांना अचानक खूप भूक लागली.

तीन महिने पट्टी नाही. गोळी रोज, त्यांची स्वतःची, कुणालाही न देता. मग पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा तुकडा, आणि मग पट्टी परत द्यायची की नाही ते ठरवू. "तीन महिने गरमी सोसावी लागेल. सुती कपडे, झोपायची खोली थंड, तिखट-चहा कमी. फार झालं तर मला फोन करा. जावेला नाही."

"हो बाई," रमिलाबाई म्हणाल्या. म्हसावदला तिखट कमी करणं म्हणजे काय असतं, हे डॉक्टरीणबाईंना समजावण्याची ती वेळ नव्हती.

त्या उठायला लागल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक कोरा केसपेपर काढला. "आता ह्या बेन. नाव सांगा."

"गजराबाई उमाकांत पाटील," रमिलाबाईंनी सांगितलं. "वय पंचावन्न. हिले झोप येत नही, अन पाय..."

"त्यांना बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा."

रमिलाबाई बाहेर बाकावर बसल्या. दार लोटलेलं होतं. आतून शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. डॉक्टरीणबाईंचा छोटा, मग जिजीचा लांब, मग आणखी लांब. जिजीला इतकं बोलायचं असतं? मध्ये एकदा जिजी हसली. रमिलाबाईंना दोनदा वाटलं, उठावं आणि दार ढकलून सांगावं, तिला ऑपरेशनचं साल नीट आठवत नाही, मला आठवतं. त्या बसून राहिल्या. गरमी आली. त्यांनी ममताच्या हातातला रिपोर्टचा छापील कागद घेऊन त्यानेच वारा घेतला.

पाऊण तासाने गजराबाई बाहेर आल्या. डोळे लाल, पदर नीट, हातात कागद.

"काय सांगं वं तिले इतलं?" रमिलाबाईंनी विचारलं.

गजराबाईंनी कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि तो ब्लाउजात खोवला.

"ते मन्हं शे," त्या म्हणाल्या.